एक बकेट ऊन पाणी

...नाही, तुम्हीच सांगा, एक बकेट ऊन पाणी म्हणजे काय लय मोठी गोष्ट झाली काय? म्या काही विमान मागतलं? बंगला मागतला? हिवाळ्याचे दिवस, चौऱ्याऐंशीचा बाप घरात, त्याच्या आंघोळीले सकाळी एक बकेट ऊन पाणी पाह्यजे, बस, एवढीच माही मागणी होती, आन तेवढ्यासाठी अर्धं मारेगाव माह्या घरात येऊन बसलं! तुम्ही हसून राह्यले. हसा, हसा. माह्या जागी असते म्हणजे समजलं असतं.

तर झालं काय, सुरुवात झाली बंबापासून. आमच्या घरी तांब्याचा बंब होता. माही आई लग्नात घेऊन आलती फुलसावंगीहून, बंबाच्या पोटावर तिचं नाव कोरलेलं, आई जाऊन इतकी वर्षं झाली पण नाव अजून शाबूत, बाकी बंब म्हणाल तर जिथी पाहा तिथी डाग दिलेला, तांबं बोटभर आन डाग हातभर. यंदा दिवाळी झाली आन त्याची आतली नळी फुटली. आता मजा पाहा, कापसाची वाळली पऱ्हाटी घालायची, आग झकास पेटली की आतून पाणी टप टप टप, आगीवरच! बंब आपलीच आग आपणच विझवून राह्यला. असं काम म्या तहसीलीतबी नाही पाह्यलं, आन मी तहसीलीत कारकून आहे.

डाग देणारा म्हणे, वामनराव, आता डागाले चिकटायले तांबं पाह्यजे ना, तेच नाही राह्यलं. संपलं.

तुम्ही म्हणान, त्यात काय, एक दिवस आंघोळ नाही केली तर काय होते? तुमचं काही होत नसन हो, पण आमच्या बापूजीचं कसं आहे, आंघोळ नाही तर देव नाही, देव नाही तर चहा नाही, चहा नाही तर बीपीची गोळी नाही, आन गोळी नाही म्हणजे डॉक्टर मले बोलते. थंड पाणी चालत नाही. मागच्या हिवाळ्यात म्हातारा हट्टानं थंड्या पाण्यानं आंग धुऊन बसला, छाती भरली, यवतमाळले नेऊन दवाखान्यात ठेवावं लागलं. मी बाहेर बाकड्यावर बसून रडलोतो. घरी कोणाले सांगू नका. म्हणून म्हणतो, हे हसण्यावारी नव्हतं. सकाळचा म्हातारा उठते, पंचा खांद्यावर घेते, पाटावर बसते, आन काहीच बोलत नाही. नुसतं बसून राहते उपाशी. बोलला असता तर बरं झालं असतं.

गॅसवर तापवा म्हणता? तापवलं असतं, पण बापूजीचा नेम, ज्याच्यावर अन्न शिजते त्याच्यावर आंघोळीचं पाणी नाही. आन नेम सोडला तरी सिलिंडरचा नंबर लागता लागता संक्रांत येते. रॉड म्हणता? रॉडले लाइन कोण देईन, तुमचा काका? सकाळी उजाडायच्या आधी लाइन जाते ते ऊन चढल्याशिवाय येत नाही. मग राह्यलं काय, अंगणात तीन दगड मांडले, वर पाण्याचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, ठेवला, खाली पऱ्हाटी. पण पऱ्हाटीवर पडलेलं दव! धूर निंघते तो असा की शेजारचे विचारते, काय जळलं? आन पाणी तासन्‌तास तापत नाही. आमच्या रत्नप्रभेनं, म्हणजे आमच्या मंडळीनं, थोडे दिवस फुंकणी फुंकली, मग एका सकाळी फुंकणी माह्या हातात दिली आन म्हणे, "अहो, पन्नास माणसाच्या पंगतीले एवढा धूर होत नाही. काहीतरी मशीन आणा, नाही तर मी चालली माहेरी." आन बापूजी पाटावर बसून. एक बकेट ऊन पाणी... जास्त काय मागतलं होतं त्यानं?

म्हणून म्या अनिमेषले फोन लावला. अनिमेष आमचा पोरगा, पुण्याले कंपनीत आहे, त्याले सारं समजते. तो म्हणे, बाबा, घाई नका करू. जुन्या घरात मशीन बसवणं म्हणजे नुसती मशीन नाही, बसवणाराही नीट पाहावा लागतो. तीन ठिकाणी भाव विचारा, तीन माणसं बोलवा, घर दाखवा, मग शांतपणे त्यातला एक निवडा.

शांतपणे! आता हे पुण्याचं शहाणपण. पुण्यात भाव विचारला म्हणजे नुसता भाव विचारला. मारेगावात भाव विचारला म्हणजे साखरपुडा झाला! त्यातून हे वर्ष. यंदा कापसाची काय गत झाली ते मी तुम्हाले काय सांगू, माणूस गाडी भरून बाजारात येते आन मान खाली घालून जाते. आन आपल्या गावाचं कसं आहे, कापूस विकला तर कपडा विकते, कपडा विकला तर भांडं विकते, भांडं विकलं तर कोणी घराले चुना लावते, कोणी पंखा बसवते. कापूस बसला की सारं गाव बसते. दुकानदार दुकानात बसून, मिस्त्री घरी बसून. अशा वर्षी एका माणसानं मशीनचा भाव विचारला! सांगा आता.

पह्यले गेलो फुलचंदच्या दुकानात. इलेक्ट्रिक सामानाचं दुकान, तुम्ही पाह्यलंच असन. पायरीवर पाय ठेवला आन फुलचंद उठून उभा राह्यला. मले पाहून आजवर कोणी उठलं नाही हो, तहसीलीतला शिपाईबी उठत नाही! त्यानं खुर्ची पुसली, चहा बोलावला, चहा संपला तर अजून एक बोलावला. म्या म्हटलं, फुलचंदभाऊ, मी फक्त विचारायले आलो. तो म्हणे, विचारा ना, विचारा ना. आन गीझरच्या डब्यावरची धूळ फडक्यानं झाडत, माह्याकडे न पाहता म्हणे, "वामनराव, दसऱ्याले पूजा केली तेव्हापासून ह्या गल्ल्याचं कुलूप कायले लावून राह्यलो तेच समजत नाही."

आता तुम्ही सांगा. ह्याच्यानंतर कोणता माणूस म्हणू शकते, की मी विचार करून सांगतो? मले तरी नाही म्हणता आलं. म्या म्हटलं, फुलचंदभाऊ, लाइन नसते ना सकाळी. तो म्हणे, रात्री तापवून ठेवा, सकाळपर्यंत ऊन राहते. म्या म्हटलं, बरं. नुसतं 'बरं' म्हटलं बाप्पा! घरी पोचतो तं गीझर ओसरीवर माह्या आधी पोचलेला.

मग तो बसवायले आला जमीर मिस्त्री. जमीर म्हणजे भला माणूस, आमच्या घरची वायरिंग त्याच्या वडलानं केलेली. त्यालेबी म्या नुसतंच विचारलं होतं, की बाबा, जुन्या घरात बसते काय हे? आमच्या घराच्या भिंती मातीच्या, वर कवेलूचं छप्पर, न्हाणीवर तेवढा स्लॅब मागाहून टाकलेला. जमीरनं भिंत ठोकून पाह्यली, कान लावून पाह्यली, डॉक्टरसारखी. म्हणे, "साहेब, दिवाल कच्ची है. पर यंदा मी कामाले नाही म्हणतच नाही."

आन मग त्यानं मशीन लावली भिंतीले. घर्रर्र... तुम्हाले सांगतो, तो भोक पाडून राह्यला आन भिंत म्हणते, एकच काहून, अजून घे! न्हाणीच्या पलीकडे देवघर. हातभर माती पलीकडून सुटली ते थेट बापूजीच्या देवावर. बाळकृष्ण मातीत, अन्नपूर्णा मातीत, शाळिग्राम सापडेना. बापूजी पाटावरून उठले, आले, भोकातून इकडे आमच्याकडे पाह्यलं. भोकातून आम्ही त्यांच्याकडे पाह्यलं. जमीर बिचारा हात जोडून उभा. आन बापूजी काय म्हणे? म्हणे, "वामन, देवाले आज दोनदा आंघोळ घालाव लागन. माह्या आंघोळीचं पाहा मग."

म्हणजे गीझर राह्यला जमिनीवर. भिंत घेत नाही त्याले, आन फुलचंदले वापस न्या म्हणायची माही हिंमत नाही. रत्नप्रभेनं त्याच्यावर फडकं टाकून वर कुंडी ठेवली. एक बकेट ऊन पाणी... कुंडीतल्या तुळशीले थंडंच पाणी चालते म्हणा.

तुम्ही म्हणान, आता तरी थांबायचं ना! अहो, तिसरा भाव विचारून झालता ना! पुंडलिकराव. हे आमच्याच हपिसात होते, हेडक्लार्क, रिटायर झाले आन सोलरची एजन्सी घेतली. सूर्य फुकट, पाणी फुकट, लाइनची कटकट नाही. पण एजन्सी घेतली कधी, तं ह्या वर्षी! अख्ख्या तालुक्यात एकबी सोलर लागलेलं नाही. हपिसात त्यांनी मले काम शिकवलेलं, माह्या रजेच्या अर्जावर कधी आडवी रेघ नाही मारली. ते घरी आले, पाणी प्याले, गीझरकडे पाह्यलं, भिंतीच्या भोकाकडे पाह्यलं, आन हळूच म्हणे, वामन, मले वाटलं तू पह्यले मले विचारशीन.

काय सांगाव! मी म्हणून बसलो, साहेब, तुमचंच बसवाचं होतं, हे तं असंच आणलं. असंच! गीझर काय गाजरासारखा असाच आणते काय कोणी?

तं पुंडलिकराव चढले न्हाणीच्या स्लॅबवर. दिशा पाह्यली, होकायंत्र काढलं, आन म्हणे, काचेच्या नळ्या दक्षिणेकडे तोंड करून बसवाव लागन. खाली बापूजी. दक्षिण म्हटल्याबरोबर म्हाताऱ्यानं मान वर केली. म्हणे, दक्षिण म्हणजे यमाची दिशा! माह्या आंघोळीचं पाणी यमाकडून येईन काय? झालं. पुंडलिकराव वरून समजावून राह्यले, की सूर्य दक्षिणेकडे कलते, विज्ञान आहे, वगैरे वगैरे, आन बापूजी खालून विचारते, तुमच्या घरी बसवलं काय? आता एजन्सीवाल्याच्या घरी सोलर नाही हे त्यांनी कशाले सांगाव, पण सांगितलं, खोटं बोलता येत नाही त्या माणसाले, म्हणून तं एजन्सी चालत नाही. शेवटी तोड निंघाली रत्नप्रभेच्या डोक्यातून. पूजा करू म्हणे. नारळ, केळी, शिऱ्याचा नैवेद्य. पूजा झालेल्या वस्तूत यमाचं काय चालते? बापूजी म्हणे, हो, हे बरोबर आहे. पूजेशिवाय त्यातला थेंब आंगावर घेणार नाही.

सोलर बसलं. बसवलं जमीरनंच, दुसऱ्या कोणाले बोलावलं असतं तं तो रुसला असता. टाकी भरली कोणी? मी! नळाचं पाणी तेवढं वर चढत नाही ना, मी बकेटी घेऊन शिडीनं वर, खाली, वर, खाली. पण दिवसभर कडक ऊन पडलं बरं का. सांजच्याले हात लावून पाह्यला, पाणी असं ऊन! माह्या डोळ्यात पाणी आलं. म्हटलं, बापूजी, उद्या तुमची आंघोळ. म्हाताऱ्यानं पंचा घडी करून उशाशी ठेवला. लेकरं दिवाळीचे कपडे ठेवते ना, तसा.

आता दुसऱ्या दिवसाची गोष्ट नीट ऐका. पूजा कोणी कराची? बापूजीले आंघोळीशिवाय पूजा करता येत नाही, आन पूजेशिवाय आंघोळ करता येत नाही. मग कोण? मी! ऊन पाण्याच्या पूजेले बसायसाठी मी सकाळी थंड्या पाण्यानं आंघोळ केली. दात वाजून राह्यले, मंत्र कसे म्हणू? स्लॅबवर पाट मांडला, टाकीले हळद-कुंकू लावलं, स्वस्तिक काढलं. रत्नप्रभा आली, पुंडलिकराव सपत्नीक आले, फुलचंदबी आला. त्याले कोणी बोलावलं नव्हतं, पण त्याच्या गीझरचं काय होते ते पाहायले आला असन. जमीर खाली शिडी धरून उभा. आन बापूजी? बापूजीले शिडी चढता येत नाही. ते अंगणात पंचा लावून पाटावर बसले, अगदी भिंतीशी, सकाळची तिरीप तिथीच पडते. त्यांना दिसतेबी कमी, म्हणून वरच्या घंटीचा आवाज ऐकून खालून हात जोडते.

आरती झाली. नैवेद्य दाखवला. टाकीवर केळाची फणी, शिऱ्याची वाटी, सोललेला नारळ. आता आपल्या घरची रीत तुम्हाले माहीत आहे, नैवेद्य दाखवला की डोळे मिटाचे, तोंडानं बोलाचं नाही, देवाले निवांत खाऊ द्याचं. आम्ही सारे डोळे मिटून बसलो. अशी शांतता! आन त्या शांततेत मले आवाज आला. मचमच... मचमच... माह्या आंगावर काटा. म्हटलं, देव जेवून राह्यला! आजवर इतके नैवेद्य दाखवले, पण खाल्ल्याचा आवाज कधी आला नव्हता! वाटलं, चला, एवढे हाल केले, एवढे दिवस बाप उपाशी बसला, देवाले दया आली.

तेवढ्यात खालून जमीर हळूच म्हणते, साहेब... साहेब... म्या डोळे न उघडता हातानंच खूण केली, चूप बस बाबा, नैवेद्य चालू आहे. तो पुन्हा, साहेब, जरा देखो... म्या पुन्हा खूण केली. तो बिचारा काय करीन, दुसऱ्याच्या पूजेत बोलाव तरी कसं, चूप बसला.

मग आवाज आला, खळ्ळ!

डोळे उघडले. वांदरं! काळ्या तोंडाची, हातभर शेपटाची, पुरा कळप. कवेलूवर रांगेनं बसून शिरा खाऊन राह्यले. आन टाकीवर, बरोबर माह्या स्वस्तिकावर, त्याहिचा मोठा हुप्प्या. टाकी ऊन, बाहेर थंडी, असा आरामात शेकत बसला होता, जसं त्याच्यासाठीच बसवलं! हातात नारळ. आन नारळ फोडायले त्याले काय पाह्यजे? कडक काहीतरी पाह्यजे. त्याले काचेची नळी सापडली. एक फुटली, नारळ नाही फुटला. दुसरी फुटली, नारळ नाही फुटला. पुंडलिकराव ओरडून राह्यले, अरे, वॉरंटी! वॉरंटी! वांदराले वॉरंटी काय समजते हो? फुलचंद म्हणे, गीझर असता तर घरात राह्यला असता. आन टाकीतलं सारं पाणी धो धो स्लॅबवर, आन स्लॅबचं पाणी जाते कुठी? पन्हाळीतून अंगणात!

अंगणात बापूजी! म्या काळीज हातात धरलं, कारण पन्हाळीच्या खालीच तर तो पाट! म्हटलं, संपला माहा बाप, भाजला! शिडी कशी उतरलो ते मले आठवत नाही. खाली येऊन पाहतो तं...

गार स्लॅबवरून वाहत येता येता पाणी झालतं बेताचं. आन म्हातारा पन्हाळीच्या धारेखाली पाटावर मांडी घालून बसलेला, डोक्यावरून पाणी जाऊन राह्यलं, वाफा निंघून राह्यल्या, आन तो पाठ चोळत, गंगा-यमुनेचं नाव घेत, असा समाधानानं आंघोळ करून राह्यला, की तसं तोंड म्या आई गेल्यापासून पाह्यलं नव्हतं. मी उभाच राह्यलो. धार संपली. बापूजीनं पंच्यानं तोंड पुसलं आन म्हणे, "वामन, मशीन चांगली घेतली रे. अशी आंघोळ तर तुह्या आईच्या हाताच्या बंबानंबी नाही झाली." मग देव झाले, चहा झाला, गोळी झाली. दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

आता ह्या माणसाले मी काय सांगू, की ती मशीन नव्हती?

नाही सांगितलं. म्हणून आज हे हाल. आता बापूजी न्हाणीत जात नाही. रोज सकाळी पन्हाळीखाली पाट मांडून बसते. नळ्या नवीन यायले पुंडलिकरावाची कंपनी म्हणते थांबा, गीझरवर तुळस, बंब कोपऱ्यात आईच्या नावाचा. मग पऱ्हाटी कोण पेटवते? मी. फुंकणी कोण फुंकते? मी. गंजातलं पाणी बकेटीत घेऊन शिडीनं स्लॅबवर कोण चढते आन हळूहळू पन्हाळीत कोण सोडते? मी! भाव तिघांचा विचारला, तिघांले होबी म्हटलं, आन बसवलं कोणाले, तं मले!

आन वर गेलो की तो हुप्प्या हजर. टाकी थंडी पडली तरी रोज येऊन बसते आशेनं. केळ दिल्याशिवाय पन्हाळीजवळ जाऊ देत नाही, म्हणून रत्नप्रभा बकेटीसंग एक केळबी वर देते. एक बकेट ऊन पाणी... आन वरून एक केळ!

आज सकाळचीच गोष्ट. पाणी सोडलं, धार संपली, घाम पुसत खाली वाकून विचारलं, बापूजी, झालं का? म्हातारा पाठ पुसत म्हणे, "झालं. मशीन तीच, पण वामन, तुह्या हाताले ती मजा नाही. पह्यल्या दिवशी जो वर होता ना, त्याचा हात चांगला होता. उद्यापासून त्यालेच सांगत जाय."

म्या बाजूले पाह्यलं. तो केळ सोलून राह्यलता. म्हटलं, हो बापूजी... विचारून पाहतो.